कुंडीभर वाफसा : ठेंगण्या झेंडूच्या अभ्यासाची प्रस्तावना

झेंडूबद्दल कोणी नव्याने काही सांगावे, अशी आपल्याकडे कोणाची अपेक्षा नसते. खंडेनवमीला विळ्या-कोयत्यापुढे ठेवलेली दोन फुले, दसऱ्याला दाराचे तोरण आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवरचा हार, लक्ष्मीपूजनाला चोपडीवर पडलेल्या पाकळ्या. इतका तो घरचा आहे. टोमॅटोच्या सरीत, बांधाच्या कडेला, विहिरीच्या थारोळ्याशी तो वाढतो आणि वर्षातून मोजके दिवस त्याला भाव असतो. त्या मोजक्या दिवसांतही आवक वाढली की सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही, आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी बाजाराच्या कडेला न विकलेल्या फुलांचे ढीग सुकत पडतात. हे ढीग ज्याने पाहिले, त्यातही ज्याने स्वतः तिथे फुले ओतून रिकामी क्रेट घरी आणली, त्याच्या मनात कधी तरी येऊन जातेच की हेच फूल मुळासकट, मातीसकट, जिवंत विकता आले असते तर?

हा अभ्यास तेवढ्या एका प्रश्नाचा आहे. खुडलेले फूल दिवस-दोन दिवसांचे. कुंडीतले झाड मात्र आश्विन शुद्ध दशमीला घरी नेले, तर पुढे वीस दिवसांनी येणाऱ्या अमावास्येच्या लक्ष्मीपूजनालाही उंबरठ्याशी फुललेले असते. त्यासाठी ते झाड ठेंगणे, भरगच्च आणि कुंडीला शोभेल अशा अंगाचे असावे लागते. कुंडीतल्या झाडांच्या व्यापारात एक साधा अंदाज चालतो. झाडासह एकूण उंची कुंडीच्या उंचीच्या अडीच-तीनपट असेल, तर डोळ्याला समतोल वाटते. त्याहून उंच गेले की झाड काठीसारखे दिसते आणि टेम्पोत आडवे होते. हा बांधेसूदपणा कसा आणायचा, हे शिकण्याजोगे शास्त्र आहे आणि ते बीडसारख्या जिल्ह्यात बसून उत्तम शिकता येते, अशी माझी खात्री आहे.

बीडच का, असे वाचकांनी विचारणे साहजिक आहे. बालाघाटच्या डोंगररांगेने उभा-आडवा कापलेला हा जिल्हा. उत्तरेला गोदावरीकाठची गेवराई-माजलगावची भारी काळी जमीन, वर आष्टी-पाटोद्याकडे मुरमाड माळ. पाऊस सरासरीने साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, पण सरासरीवर विसंबून कोणी पेरत नाही. पाणी मोजून वापरण्याची सवय इथल्या माणसाच्या हाताला आहे, आणि कुंडीची शेती म्हणजे मुळात मोजलेल्या पाण्याची शेती. सहा इंची कुंडीत साधारण दीड लिटर माध्यम मावते. आश्विनातल्या उन्हात अशा एका झाडाला दिवसाला दोनशे-अडीचशे मिलिलिटर पाणी पुरते, असे मला माझ्या मोजणीत दिसले. म्हणजे शंभर कुंड्यांना दोन-अडीच घागरी. जिथे एकरभर पिकाचा हिशेब विहिरीच्या तळाशी जाऊन थांबतो, तिथे शंभर कुंड्या घरच्या मोरीमागेही जगतात.

दुसरे कारण हंगामाचे आहे. श्रावणात बी टाकले आणि आश्विनात झाड विकले, की काम संपते. त्याच सुमारास साखर कारखान्यांच्या हंगामाची तयारी सुरू होते आणि जिल्ह्यातली हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. कुंड्या हा या स्थलांतरावरचा उपाय आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण निघण्याआधीच्या तीन महिन्यांत अंगणात, कमी पाण्यात, बैल-नांगराशिवाय होणारे एखादे काम असावे, याचे मोल ज्या घरांना कळते त्यांच्यासाठी मी हे मुख्यतः लिहितो आहे.

आता फुलाविषयी थोडे. झेंडू आपला वाटत असला तरी त्याचे माहेर मेक्सिको आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तो भारतात आला आणि इतका रुळला की त्याच्याविना दसरा आपल्याला सुचत नाही. मेक्सिकोत आजही मृतांच्या स्मरणाच्या सणाला घरोघरी झेंडूच्या वाटा घालतात. त्यांच्या जुन्या नाहुआत्ल भाषेत या फुलाच्या नावाचा अर्थ ‘वीस फुले’ असा होतो, आणि वीस म्हणजे पुष्कळ. आपल्याकडे त्याची दोन कुळे ओळखीची आहेत. मोठ्या गोंड्याचा, उंच, ज्याला इंग्रजी अमदानीपासून ‘आफ्रिकन’ म्हणतात तो, आणि छोट्या फुलांचा, लाल-पिवळ्या छटांचा, बुटका ‘फ्रेंच’ म्हणजे आपला मखमली झेंडू. दोघांचाही आफ्रिकेशी वा फ्रान्सशी मूळचा संबंध नाही. भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा नारंगी आणि पुसा बसंती हे वाण पहिल्या कुळातले. शेतात ते दोन-अडीच फूट सहज जातात. मखमली मुळातच फुटाच्या आसपास राहतो.

नवख्या वाचकाने पहिली निवड इथेच नीट करावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. उंच वाण कुंडीत लावून त्याला औषधाने दाबत बसण्यापेक्षा जन्मतः बुटका वाण घेणे केव्हाही बरे. शिवाय मोठ्या झेंडूला दिवस लहान झाल्याचे कळते. रात्र वाढू लागली की तो कळी लवकर धरतो आणि मोठ्या दिवसांत आधी उंच वाढत बसतो. बीड साधारण एकोणीस अक्षांशावर आहे. इथे जूनअखेरचा दिवस सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरचा अकरा तासांचा. त्यामुळे एकच वाण आषाढात लावला तर उंच होतो आणि भाद्रपदात लावला तर आटोपशीर राहतो. हे न कळल्याने ‘बी खराब निघाले’ म्हणून दुकानदाराशी भांडणारी माणसे मी पाहिली आहेत.

यानंतर येते ती कुंडीतली माती, आणि इथे मी वाचकांना जरा जास्त वेळ थांबवून ठेवणार आहे, कारण ठेंगण्या झाडाची खरी घडण इथे होते असे माझे मत आहे. पहिल्या वर्षी मी शेतातली उत्तम काळी माती चाळून कुंड्या भरल्या. ज्या जमिनीत कापूस छातीएवढा होतो तिथे झेंडूला काय कमी, असा माझा समज होता. महिन्याने पाने फिकट पडली. एक कुंडी उलटी करून गड्डा बाहेर काढला, तर मधला सगळा गोळा चिखलासारखा गच्च, त्यात एक मूळ नाही. जी काही मुळे होती ती गोळा आणि कुंडी यांच्यामधल्या बोटभर फटीत, हवा शोधत गोल फिरलेली. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. शेतात तिला खोली असते, पाणी खाली निघून जाते. कुंडीला तळ आहे, आणि तळाशी पाणी अडून राहते.

हे अडणे कसे असते ते पाहायचे असेल तर घरातला भांडी घासायचा स्पंज घ्या. पाण्यात बुडवून तो आडवा हातावर धरा. थेंब गळायचे थांबेपर्यंत वाट पाहा. मग तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, छिद्रे तीच. फक्त उंची वाढली आणि पाण्याला खाली जायला वजन मिळाले. कुंडी हा आडवा स्पंज आहे. म्हणून उथळ कुंडीतले माध्यम शेतातल्या मातीपेक्षा भरड आणि भुसभुशीत लागते. तळाशी खापऱ्या किंवा खडी घातल्याने हे अडलेले पाणी कमी होत नाही, ते फक्त तेवढे वर सरकते. ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

जगातल्या बागकामाच्या शास्त्राने या प्रश्नावर बराच काळ विचार केला. इंग्लंडमध्ये जॉन इनेस संस्थेत लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी 1930 च्या दशकात प्रत्येक झाडाला वेगळी माती या जुन्या रिवाजाऐवजी ठरावीक प्रमाणाचे मिश्रण तयार केले. 1957 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने वाळू आणि पीटवर आधारलेली पद्धत पुस्तकरूपाने मांडली. पुढे नारळाच्या काथ्यापासून उरलेल्या भुश्शाने, म्हणजे कोकोपीटने, अनेक ठिकाणी पीटची जागा घेतली. पण मला नेहमी वाटते की या सगळ्या संशोधनाचे सार मराठी शेतकऱ्याकडे एका शब्दात आधीपासून होते, तो शब्द म्हणजे वाफसा. ओल आहे पण चिखल नाही, मातीच्या कणांत पाणीही आहे आणि श्वासालाही जागा आहे, अशी जमिनीची स्थिती. पाऊस उघडल्यावर शेतकरी वाफशाची वाट पाहतो. कुंडीचे माध्यम बनवणे म्हणजे पाणी दिल्यावर तासाभरात वाफसा येईल असे मिश्रण जुळवणे.

आणि हा वाफसा मोजता येतो. कुंडीची भोके चिकटपट्टीने बंद करा, मिश्रण भरा, वर पाणी चमकू लागेपर्यंत हळूहळू भिजवा. अर्ध्या तासाने पातेल्यावर धरून पट्ट्या काढा आणि गळलेले पाणी मापाने मोजा. जेवढे पाणी गळले, तेवढी जागा आता हवेने घेतली. दीड लिटरच्या कुंडीतून दीडशे ते तीनशे मिलिलिटर पाणी निघाले, म्हणजे दहा ते वीस टक्के हवा आली, तर मिश्रण चांगले. माझ्या काळ्या मातीतून चहाच्या अर्ध्या कपाहूनही कमी निघाले होते.

मिश्रणासाठी दूर जायला नको. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजवली की साधारण सत्तर लिटर होते. निम्मे प्रमाण धरले तर तेवढ्यात नव्वदेक कुंड्या भरतात. विकत घ्यावी अशी ही एकच मोठी वस्तू. ती दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्यावी, कारण स्वस्त विटांत मीठ राहिलेले असते. उरलेले निम्मे जिल्ह्यातच आहे. गांडूळखत आहे, चाळलेला बारीक मुरूम आहे, भुईमुगाची कुजवलेली टरफले आहेत, कारखान्याची पूर्ण कुजलेली प्रेसमड आहे. पऱ्हाट्या आणि तुराट्या बांधावर पेटवून देण्याऐवजी कमी हवेत जाळून केलेला कोळसा भरड कुटून घातला तर फार छान बसतो. ताजी प्रेसमड मात्र टाळा, ती कुंडीत तापते. बॉयलरची राखही नको. आपल्या बोअरच्या पाण्यात आधीच चुन्याचा अंश भरपूर असतो; त्यात राख पडली की माध्यम अल्कधर्मी होते, झाडाला लोह मिळत नाही आणि शिरा हिरव्या ठेवून कोवळी पाने पिवळी पडतात. पावसाचे पाणी पत्र्यावरून टाकीत धरून ठेवता आले, तर झेंडूला ते द्या.

हलक्या मिश्रणात, मोजक्या नत्रावर आणि दोन पाण्यांच्या मध्ये थोडे सुकू दिलेले झाड आपोआप आखूड पेरांचे होते. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या की झाडे उजेडासाठी चढाओढ करून लांबतात. पाने पानांना लागायच्या आत कुंड्या दूर सरकवा. रोप पाच-सहा पानांचे झाले की शेंडा खुडा. फुले आठ-दहा दिवस उशिरा येतील, पण एका दांड्याच्या जागी चार-पाच फांद्या उभ्या राहतील. कोवळ्या रोपांवरून रोज सकाळी हलका हात किंवा वेताची काडी फिरवली तरी ती ठेंगणी आणि जाड होतात, कारण हालचाल सोसणारे झाड उंची कमी करून खोड भरते. वाऱ्याच्या माळावरची बाभूळ आठवून पाहा.

एवढे झाल्यावर मग वाढरोधकांचा विषय काढावा. पुष्कळजण बाटलीपासून सुरुवात करतात. मी वाचकांना ती शेवटी उघडायला सांगतो. पण त्यामागचे शास्त्र इतके सुंदर आहे की ते नुसते समजून घेण्यासाठीही हा अभ्यास करावा. 1926 साली कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने भाताच्या एका रोगाचा उलगडा केला. रोगट रोपे भसाभस उंच वाढून कोलमडत; जपानी शेतकरी त्यांना वेडी रोपे म्हणत. बुरशीतून झिरपणारे एक द्रव्य हे वेड लावते, असे कुरोसावाने दाखवले आणि 1935 मध्ये याबुता यांनी त्याला जिबरेलिन हे नाव दिले. पुढे कळले की हे द्रव्य निरोगी झाडही स्वतः बनवते आणि त्याच्या जोरावर पेरे लांबवते. द्राक्षबागायतदार ज्याला ‘जीए’ म्हणतात ते हेच. वाढरोधके झाडातले हे जिबरेलिन तयार होण्याच्या वाटेत अडसर घालतात. पाने तेवढीच येतात, पेशी तेवढ्याच बनतात, फक्त त्या कमी लांबतात. म्हणून झाड खुरटलेले दिसत नाही, आवळून बांधल्यासारखे दिसते आणि पानांचा हिरवा रंग गडद होतो. हरितक्रांतीतला बुटका गहू आणि आयआर-8 भातही जिबरेलिनच्याच कामात जन्मजात बदल झाल्याने बुटके आहेत.

बीडच्या शेतकऱ्याला हा प्रकार अनोळखी नाही. कापूस माजला की ‘चमत्कार’ फवारतात. त्यातले मेपिक्वाट क्लोराइड हे वाढरोधकच. द्राक्षवाल्यांचे ‘लिहोसीन’ म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याचा गुण टोल्बर्ट यांनी 1960 मध्ये जगापुढे मांडला. कोकणात हापूसच्या बुंध्याशी ओततात ते ‘कल्टार’ म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. कुंडीतल्या फुलझाडांवर जगभर हीच मंडळी आणि त्यांच्या जोडीला डॅमिनोझाइड वापरात आहेत. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. क्लोरमेक्वाट पानांतून शिरते आणि जास्त झाले तर पानांच्या कडा पिवळ्या करून लगेच बोलून दाखवते. पॅक्लोब्युट्राझोल खोडातून आणि मुळांतून वर चढते, अगदी थोड्या मात्रेत काम करते आणि मातीत फार काळ टिकते. मात्रा चुकली तर झाड आठवडेच्या आठवडे जागचे हलत नाही आणि त्यावर उतारा नाही. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. एकदा त्याने भिजलेली माती पुढच्या वर्षीच्या रोपांनाही बाधते.

मात्रेचा हिशेब सोपा आहे, पण तो कागदावर करावा, झाकणाने नव्हे. पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम. हजार पीपीएम म्हणजे लिटरभर पाण्यात एक ग्रॅम मूळ द्रव्य. बाटलीवर 50 टक्के लिहिले असेल तर एका ग्रॅमसाठी दोन मिलिलिटर औषध लागते, आणि ते सिरिंजने मोजावे. एक लिटर द्रावण साधारण पाच चौरस मीटर जागेवरच्या कुंड्यांना पुरते. शेंडा खुडल्यानंतर नव्या फांद्या बोटाच्या दोन पेरांएवढ्या झाल्या की, ऊन उतरल्यावर, झाडे पाणी पिऊन ताठ असताना फवारावे. झेंडूवर क्लोरमेक्वाट हजार ते दोन हजार पीपीएमच्या दरम्यान वापरतात. सुरुवात हजारनेच करावी.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. 2010 च्या हंगामात आपली द्राक्षे युरोपात अडकली ती याच क्लोरमेक्वाटचे अंश मर्यादेबाहेर सापडल्यामुळे. झेंडू आपण खात नाही हे खरे, पण सण उलटला की तोरण शेळीपुढे टाकायची आपली रीत आहे, आणि कोणी पाकळ्या काढ्यातही घालते. फवारलेल्या झाडाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधा आणि घेणाऱ्याला स्पष्ट सांगा की हे शोभेचे आहे, जनावराला घालू नका. बाटलीवरचे लेबल पूर्ण वाचा, ज्या पिकाची शिफारस त्यावर नाही त्याबद्दल आधी विचारा, हातमोजे घाला. विचारायला जागा आहेत. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ 1972 पासून या विभागाची शेती पाहते आहे. जिल्ह्यात अंबाजोगाईजवळ दिघोळअंबा येथे आणि गेवराईकडे खामगाव येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. संकोच न करता कुंडी हातात घेऊनच तिथे जावे. ज्या जिल्ह्याने माळावरच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनापर्यंत नेले, त्याला कुंडीतले फूल जड जाणार नाही.

पुढील प्रकरणे वाचकांनी क्रमाने वाचावीत असा माझा आग्रह नाही, पण माध्यमाचे प्रकरण वगळून वाढरोधकांकडे जाऊ नये एवढी विनंती आहे. आणि वाचनाबरोबर एक छोटा प्रयोग अंगणात चालू ठेवावा. मखमली झेंडूच्या बारा कुंड्या पुरेत. चार काळ्या मातीत, चार मिश्रणात, आणि चार मिश्रणात भरून एकदा हजार पीपीएम फवारलेल्या. बारांचाही शेंडा एकाच दिवशी खुडा. पेरणीची तारीख पंचांग पाहून ठरवा, कारण दसरा इंग्रजी तारखेला थांबत नाही. 2025 मध्ये तो 2 ऑक्टोबरला होता, 2026 मध्ये अधिक मासामुळे 20 ऑक्टोबरला आहे. दशमीपासून मागे पासष्ट दिवस मोजा, त्यात शेंडा खुडण्याचे दिवस आलेच. दर सोमवारी फूटपट्टी कुंडीच्या काठावर टेकवून उंची मोजा आणि वहीत लिहा. दसऱ्याच्या सकाळी बारा कुंड्या ओळीने मांडून घरातल्या माणसांना विचारा की देवापुढे यातली कोणती ठेवायची, आणि त्यांनी उचललेल्या कुंडीचा क्रमांकही वहीत लिहून ठेवा.